निरोप पुढे देणारी माणसे



आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत तो विषय इंजिनिअरांचा आहे, आणि आम्ही इंजिनिअर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, आणि युनियनच्या कचेरीतील एका लोखंडी कपाटात जी पुस्तके होती त्यांवर झाले. तेव्हा विद्युल्लहरींचे गणित आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु संकटसमयी सरकारी तारांवर वा कंपन्यांच्या मनोऱ्यांवर न विसंबता आपले निरोप आपणच पोहोचवावेत, यासाठी सामान्य माणसांनी शंभराहून अधिक वर्षे विनावेतन खटपट केलेली आहे. हा इतिहास आमच्या मते संघटनेच्याच इतिहासाचा भाग आहे, आणि संघटनेविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार तीस वर्षे चपला झिजवल्यावर आम्हांला मिळाला असावा.

26 जुलै 2005 ची रात्र येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आम्ही कुर्ल्यात, युनियनच्या पहिल्या मजल्यावरील कचेरीत अडकलो होतो. खाली रस्त्यात छातीभर पाणी, वीज गेलेली, टेलिफोन मुका, आणि ज्यांच्या खिशात मोबाईल होते त्यांचेही मोबाईल निर्जीव. दुसऱ्या पाळीचे कामगार आमच्याकडे येऊन थांबले होते, पण ते जिवंत आहेत हे त्यांच्या घरी कळवायचे कसे? मध्यरात्रीनंतर पाऊस जरा ओसरला तशी रेल्वेच्या रुळांवरून पायी जाणाऱ्यांची रांग लागली. आमच्यातल्या एका फिटरने तेव्हा युक्ती काढली. कंदील घेऊन तो रुळांजवळ उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "मामा, कुठवर चाललात?" मामा म्हणाले मुलुंड, तर भांडुप-मुलुंडच्या चिठ्ठ्या त्यांच्या हाती. ठाणे, कळवा, मुंब्रा यांच्या चिठ्ठ्याही त्यांच्याच हाती, आणि वर विनंती, "मुलुंडला पुढे जाणारा कोणी भेटला की त्याला द्या."

उजाडेपर्यंत एकोणीस चिठ्ठ्या गेल्या. आठवड्याने आम्ही हिशेब घेतला तेव्हा त्यांतल्या अकरा पोहोचल्याचे समजले. एक मात्र अशी पोहोचली की ती न पोहोचती तर बरे झाले असते. कागद वाटेत भिजून गेला म्हणून नेणाऱ्याने निरोप पुढच्याला तोंडी सांगितला. मूळ निरोप होता, "सुखरूप आहे, उद्या येतो." मुंब्र्याच्या त्या घरी तो "उद्या आणतील" असा सांगितला गेला. संध्याकाळी नवरा स्वतःच्या पायांनी दारात येईपर्यंत त्या माउलीने जो दिवस काढला त्याचे वर्णन आम्ही करणार नाही.

त्या वहीचे पान आमच्याजवळ अजून आहे. पुढे कधीतरी वाचनात आले की आमच्या फिटरची युक्ती 1914 साली एका अमेरिकन गृहस्थाला सुचली होती. ते हिराम पर्सी मॅक्सिम. (यांच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली आणि चिरंजीवांनी बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर, एका घरात किती उद्योग व्हावेत!) हार्टफर्ड गावी राहणाऱ्या या गृहस्थांना बिनतारी संदेशांचा छंद होता. सुमारे तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डमध्ये कोणाकडे तरी एक व्हॉल्व्ह विकाऊ होता, तो त्यांना हवा होता. पण त्यांच्या यंत्राचा पल्ला तेवढा नव्हता. अर्ध्या वाटेवर विंडसर लॉक्स येथे त्यांचा एक मित्र होता. त्याने निरोप ऐकला आणि पुढे पाठवला. एवढीच गोष्ट. पण त्यातून मॅक्सिम यांनी आणि क्लॅरेन्स टस्का या तरुणाने त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था काढली. नावातला 'रिले' हा शब्द लक्षात ठेवावा. आपला आवाज दूर जावा एवढीच ज्यांची इच्छा, त्यांची ती संघटना नव्हती. दुसऱ्याचा निरोप आपण पुढे देऊ, अशी कबुली देणाऱ्यांची ती संघटना होती.

या हौशी मंडळींना कायद्याने काय दिले होते तेही पाहण्याजोगे आहे. 1912 च्या अमेरिकन कायद्याने त्यांना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलले होते, कारण या आखूड लहरी दूरच्या पल्ल्यास निरुपयोगी असे त्या काळचे जाणकार मानीत. म्हणजे मालकाने खडकाळ तुकडा कुळाच्या माथी मारावा तसे झाले. कुळाने तो नांगरला. 1923 च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीसचे लिआँ देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रेनार्ट्झ यांनी शंभर मीटरच्या जवळपासच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले. जमीन सुपीक आहे असे दिसल्यावर पुढे काय होते हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. 1927 च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर हौशींच्या वाट्याला अरुंद पट्टे तेवढे राहिले.

सरकारांना ही माणसे नेहमीच थोडी संशयास्पद वाटत आली. 1917 साली अमेरिका युद्धात उतरताच तेथील सर्व हौशी केंद्रे बंद करण्यात आली, ती 1919 पर्यंत. आपल्याकडे 1939 साली युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशींना आपली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांच्या हवाली करण्याचे हुकूम काढले. तरीही 1942 च्या चळवळीत मुंबईत काँग्रेस रेडिओ उभा राहिला. त्याचे यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या मुंबईकर हौशी संदेशकाचा हात होता. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी 27 ऑगस्टपासून जागा बदलत बदलत बोलत राहिले आणि 12 नोव्हेंबरला पकडले गेले. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही हात जोडतो. पण संघटकाच्या नजरेने पाहता एक गोष्ट नोंदवली पाहिजे: बोलणारे केंद्र एकच होते, म्हणून एका धाडीत ते संपले. लाखोंनी ऐकावे आणि एकाने बोलावे, या रचनेला मान एकच असते. संपातही आम्ही हे अनुभवले आहे. पुढाऱ्याला उचलला की दुसऱ्या दिवशी फाटकावर काय करायचे हे ज्या युनियनमध्ये कोणाला ठाऊक नसते, ती युनियन नव्हे.

मॅक्सिमच्या वारसांनी निराळी रचना बांधली, आणि आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम हेच. पण त्याची वाखाणणी कमी होते, कारण त्यात यंत्र नाही. त्यांनी निरोपाला शिस्त लावली. 1949 साली त्यांची राष्ट्रव्यापी संदेशव्यवस्था उभी राहिली. तीत निरोप ठराविक नमुन्यातच लिहावा लागतो: क्रमांक, तातडीची प्रत, निघण्याचे ठाणे, मजकुरातील शब्दांची संख्या, गाव, वेळ, तारीख. शब्दांची संख्या कशाला? घेणाऱ्याने शब्द मोजावेत आणि आकडा जुळला नाही तर तिथेच थांबवून पुन्हा विचारावे म्हणून. शिवाय नेहमीच्या निरोपांना त्यांनी क्रमांक देऊन ठेवले आहेत. त्यांच्यातला एक क्रमांकाचा निरोप म्हणजे, येथे सर्व सुखरूप आहेत, काळजी करू नये. आपल्या तारखात्यातही शुभेच्छांच्या तारांना असे क्रमांक असत; 2013 साली तारसेवाच बंद झाली तेव्हा ते गेले. आमच्या फिटरजवळ त्या रात्री शब्द मोजण्याची पद्धत असती, तर मुंब्र्याच्या त्या घरचा दिवस टळला असता. आणि या मंडळींनी कवायत सोडली नाही. 1933 पासून दर जूनमध्ये एका शनिवार-रविवारी ते मोकळ्या मैदानात जातात, घरच्या विजेवर न विसंबता तंबूत यंत्रे मांडतात आणि संकट आले आहे असे समजून काम करतात. वर्षानुवर्षे संकट येत नाही, तरी ते जातात. सभासद टिकवणे किती कठीण असते हे ठाऊक असल्यामुळे आम्हांला याचेच नवल अधिक.

या कवायतीचा उपयोग काय, याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले. 2004 च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. 1987 नंतर प्रथमच तेथून हौशी संदेशकांना बोलण्याची परवानगी मिळाली होती. जगभरच्या हौशींना त्या दुर्मिळ बेटाशी संपर्क साधल्याचा आनंद द्यावा, इतक्यासाठीच त्या गेल्या होत्या. या कामाला खेळच म्हणा. 26 डिसेंबरच्या सकाळी समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामी आली. संपर्काची साधने कोलमडली. खेळासाठी नेलेली यंत्रे त्याच दिवशी कामाला लागली. पोर्ट ब्लेअर आणि मुख्य भूमी यांच्यात निरोप सुरू झाले. पुढे सहकारी कार निकोबारला जाऊन बसले, आणि कोण जिवंत आहे, कोणाचा शोध चालू आहे हे घराघरांत कळू लागले. परवानगीचा कागद आणखी महिनाभर टेबलावर पडून राहता, तर त्या दिवशी तिथे कोणीच नसते. हा योगायोग होता, आणि योगायोगावर बेटांचा जीव टांगावा हे आम्हांला पटत नाही.

मोबाईलचे मनोरे उभे राहिल्यावर आता या जुन्या लोकांचे काय काम, असे पुष्कळांना वाटू लागले. मनोऱ्याला वीज लागते, वीज गेली तर बॅटरी लागते, बॅटरी संपली तर डिझेल लागते, आणि डिझेल आणायला रस्ता लागतो. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर आदळले. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी नोंदीप्रमाणे बेटावरील मोबाईल केंद्रांपैकी 95 टक्के बंद होती. रेडक्रॉसने हौशी संदेशकांना हाक घातली आणि बावीस जण यंत्रे घेऊन गेले.

येथवरच्या कथेत एक उणीव आहे. ही विद्या परवानाधारकांची आहे. परीक्षा द्यावी, यंत्र घ्यावे, ते चालवायला शिकावे. झोपडपट्टीतल्या बाईने वा पाळीवरच्या कामगाराने हे केव्हा करावे? शिवाय जो ऐकायला बसलेला असेल त्यालाच निरोप मिळणार. मग यंत्रानेच निरोप ऐकावा आणि यंत्रानेच तो पुढे द्यावा, ही कल्पना पुढे आली. 1978 साली माँट्रिअलच्या हौशींनी संगणकी मजकुराचे तुकडे करून ते बिनतारी लहरींवर पाठवून दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील टुसॉनच्या एका हौशी मंडळाने त्यासाठी लागणाऱ्या पेटीचा आराखडा तयार केला आणि सुटे भाग लोकांना बांधायला दिले. आपला आराखडा झाकून ठेवायचा नाही, ज्याला हवा त्याने पाहावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा सर्वांपुढे ठेवावा, या रीतीला आज ओपन सोर्स म्हणतात. आम्हांला ती नवी वाटत नाही. एका लेथवरची खुबी शेजारच्याला दाखवावी की लपवावी, हा प्रश्न प्रत्येक खात्यात असतो, आणि दाखवणारे कामगार कोण आणि लपवणारे कोण हे सर्वांना माहीत असते.

2010 च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला. तेव्हा ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातल्या पॉल गार्डनर-स्टीफन यांनी विचार केला, की लोकांच्या खिशात मोबाईल आहेत, मग मनोरा पडला म्हणून ते परस्परांशी का बोलू नयेत? त्यांच्या 'सर्व्हल' प्रकल्पाने एका मोबाईलने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप देण्याची आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना खुली ठेवली. अडचण पल्ल्याची होती. मोबाईलमधील वायफायचा आवाज शेदोनशे मीटरच्या पुढे फारसा जात नाही.

पल्ल्याचा तो प्रश्न भलत्याच ठिकाणी सुटला. पाण्याचे मीटर दुरून वाचता यावेत अशा सारख्या कामांसाठी फ्रान्समधील ग्रेनोबलच्या एका लहान कंपनीने एक पद्धत काढली होती, तिला लोरा म्हणतात. स्वर खालून वर सरकवत नेऊन त्यात मजकूर गुंफला, तर अत्यंत क्षीण शक्तीतही तो दूरवर ओळखता येतो. मात्र वेग फार मंद. ती कंपनी 2012 साली अमेरिकेतील सेमटेक कंपनीने विकत घेतली, आणि तिच्या चिपा स्वस्तात मिळू लागल्या. 2020 साली केव्हिन हेस्टर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने, मोबाईल न पोहोचणाऱ्या रानावनात भटकणाऱ्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून, या चिपांसाठी 'मेश्टॅस्टिक' नावाची आज्ञावली लिहून खुली केली. आज अनेक देशांत अनोळखी माणसे तीत आपापल्या वेळेची भर घालीत आहेत, आणि बहुतेकांना त्याचे वेतन नाही.

काम कसे चालते ते सांगतो. तंबाखूच्या डबीएवढे यंत्र, एक अँटेना, एक बॅटरी. ते मोबाईलला जोडायचे आणि मजकूर लिहायचा. ज्या ज्या डबीला तो ऐकू येईल ती जरा थांबते, दुसऱ्या कोणी तो पुढे दिला का ते ऐकते, आणि दिला नसेल तर स्वतः देते. जी डबी दूर असल्याने निरोप क्षीण ऐकते तिला आधी बोलण्याची संधी मिळते, म्हणजे निरोपाची उडी लांब पडते. नेहमीच्या मांडणीत अशा तीन उड्या, जास्तीत जास्त सात. मध्ये कचेरी नाही, मनोरा नाही, बिल नाही. आपल्याकडे 865 मेगाहर्ट्झच्या पुढचा एक अरुंद पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्याविना मोकळा आहे; शक्तीची मर्यादा आणि यंत्राच्या मान्यतेचे नियम अर्थातच पाळावे लागतात. डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर असा निरोप तीनशे किलोमीटरहून दूर गेल्याची नोंद आहे. शहराच्या गल्लीत तो दोन किलोमीटर गेला तरी समाधान मानावे.

स्तुतीबरोबर दोष सांगणे हे आमचे काम आहे. आज्ञावली खुली आहे, पण चिपेतल्या लहरींची पद्धत एका कंपनीच्या मालकीची आहे. म्हणजे घर आपण बांधले आणि पाया दुसऱ्याचा. वेग सेकंदाला जेमतेम हजार बिटांचा, आणि तोही आसपासच्या सर्वांत वाटून घ्यायचा. शंभर माणसे एकदम बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येणार नाही. आणि केंद्र नाही म्हणून धाड नाही हे खरे, पण केंद्र नाही म्हणून जबाबही कोणी देत नाही. 28 जुलै 2005 रोजी, म्हणजे त्याच महापुराच्या दिवसांत, जुहूच्या नेहरूनगरात त्सुनामी येते आहे, धरण फुटले आहे अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मेली. त्या आवईला कोणत्याही यंत्राची गरज पडली नव्हती. हाती यंत्र असते तर ती किती लांब गेली असती?

2024 च्या सप्टेंबरअखेर हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डोंगराळ मुलुख धुऊन नेला, ॲशव्हिलसारख्या शहराचे रस्ते, पाणी, फोन सर्व तुटले. तेव्हा सर्वाधिक ऐकला गेला तो मिशेल पर्वतावरील हौशींचा जुन्या पद्धतीचा रिपीटर. रिपीटर म्हणजे खालचा आवाज वरून मोठ्याने पुन्हा सांगणारे यंत्र. पण लोक त्याच्यापाशी आले ते तिथे माणसे पाळी लावून बसली होती म्हणून: कोण कुठे अडकले, कोणता पूल शाबूत, औषध कुठे हवे, हे ती विचारीत, लिहून घेत, खात्री करीत आणि मग पुढे देत. डबी घराघरांत गेली पाहिजे असे आम्हांला वाटते. पण डबी आणि वही यांतले एकच मिळणार असेल तर आम्ही वही घेऊ.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोन्ही घेऊन पाहिले. युनियनमधल्या कामगारांच्या चार मुलामुलींनी वर्गणी काढून तीन डब्या आणल्या. एक कुर्ल्याच्या कचेरीच्या गच्चीवर, एक मुंब्र्याच्या वर पारसिकच्या डोंगरावर. तासभर काही पोहोचेना. मग तिसरी डबी मुलुंडला एका चाळीच्या गच्चीवर नेली, आणि पारसिकवरचा निरोप कुर्ल्यात उमटला. 2005 ची वाट अगदी तीच. मुले नाचली. मग आम्ही म्हटले, आता मराठीत लिहा, आपल्या आयाबायांना इंग्रजी कोठून येणार? तर निम्म्या मजकुरावर डबीने पुढचे अक्षर घेण्यास नकार दिला. तिची झोळी दोनशे इंग्रजी अक्षरांच्या आसपास. देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे काना, मात्रा, वेलांटीसुद्धा, तिप्पट जागा घेते. सत्तर खुणांत आपली भाषा संपते.

"काका, मग आपणही निरोपांना नंबर देऊ की," एक मुलगी म्हणाली. तिला मॅक्सिमच्या लोकांची ती यादी ठाऊक नव्हती. वही काढून कचेरीत बसलो. वीस निरोप ठरले: पाणी हवे, औषध हवे, रस्ता बंद, शाळेत आसरा घेतला आहे, अशासारखे. एकोणीस अर्ध्या तासात झाले. पहिल्या क्रमांकाच्या शब्दांवरून मात्र रात्रीचे दहा वाजले. मुलांनी लिहिले होते, "सुखरूप आहे, उद्या येतो." आमचे ते फिटर आता सत्तरी ओलांडलेले, कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "'येतो' एवढ्यावर भागत नाही, बाळांनो. 'माझ्या पायांनी चालत येतो' असं लिहा."